चाळीस वर्षं नेम केला, मग ज्ञान का नाही झालं?

रविवारी सकाळी आमच्याकडे नऊ वाजले की गावी फोन लावायचा, हा गेल्या अकरा वर्षांचा रिवाज आहे. तिकडे संध्याकाळचे साडेसहा झालेले असतात. आधी आई नातीला डोळे भरून बघते, मग 'थांब, यांच्याकडे देते' म्हणून फोन अण्णांकडे जातो. अण्णांचं बोलणं ठरलेलं. पाऊस, कुणाचं लग्न, तुझी नोकरी बरी आहे ना. गेल्या वर्षी जूनमध्ये मात्र त्यांनी मध्येच विचारलं, "तू ते दहा दिवस जाऊन बसला होतास ना, तुला काही झालं का रे?"

"झालं म्हणजे?"

"म्हणजे काही कळलं का? मी चाळीस वर्षं नेमाला बसतोय. आजारपण सोडलं तर एक दिवस चुकवला नाही. पण मला काय झालंच नाही बघ. आता एकाहत्तरावं संपलं. म्हटलं, तुला विचारावं."

मी काय उत्तर दिलं असेल? मी म्हणालो, "अण्णा, पद्धत बदलून बघायची का? एक चांगलं अ‍ॅप आहे, लिंक पाठवतो." पलीकडे जरा वेळ कुणीच बोललं नाही. मग ते "बरं, पाठव" म्हणाले आणि पावसाकडे वळले.

लिंक मी पाठवली नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना गाडीत मला त्या उत्तराची लाज वाटली. एक माणूस आयुष्यभराच्या कमाईचा हिशेब माझ्यासमोर मांडत होता आणि मी त्याला सॉफ्टवेअर अपडेट सुचवत होतो. तेव्हापासून हा प्रश्न डोक्यातून जात नाही. आत्मज्ञान, साक्षात्कार, बोध, निर्वाण, नाव काहीही द्या, ते एखाद्या पद्धतीनं 'घडवून' आणता येतं का? आणि येत असेल, तर अण्णांच्या बाबतीत ती पद्धत का चालली नाही?

आधीच सांगतो, मी या विषयातला अधिकारी माणूस नाही. सांगलीला कॉम्प्युटर इंजिनिअरिंग केलं, मॅसॅच्युसेट्समधल्या वेस्टबरोला राहतो आणि दिवसभर लोकांच्या कोडमधल्या चुका शोधतो. पण अण्णांचा प्रश्न आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरात असणार, फक्त तो फोनवर कुणी विचारत नाही. म्हणून हे लिहायचं धाडस.

नेमाचं घर

आमचं घर जत तालुक्यातलं, इंचगिरी संप्रदायातलं. जतमधल्याच उमदीचे भाऊसाहेब महाराज हे या परंपरेतलं मोठं नाव. तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आणि पुढे अलाहाबाद विद्यापीठाचे कुलगुरू झालेले निंबाळचे गुरुदेव रानडे हे त्यांचेच शिष्य. या परंपरेत ध्यानाला 'नेम' म्हणतात. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी, डोळे मिटून नाम घेत बसायचं. आजोबा बसायचे, अण्णा बसतात. लहानपणी पहाटे जाग आली तर देवघराच्या कोपऱ्यात अण्णांची पाठ दिसायची. त्या वेळी मोठ्यानं बोललं की आई डोळे वटारायची. अण्णा प्राथमिक शाळेत मास्तर होते. शाळेत जायला उशीर झाला तरी चालेल, पण नेम झाल्याशिवाय ते चहा घ्यायचे नाहीत.

मी स्वतः नेम घेतला नाही. इंजिनिअरिंगला गेल्यावर हे सगळं जुनाट वाटायला लागलं. गंमत अशी, की ज्या गोष्टीला मी घरी नाक मुरडलं, तीच इथे आल्यावर इंग्रजी वेष्टनात हौसेनं घेतली. आमच्या घरापासून अर्ध्या तासावर वूस्टर आहे. १९७९ मध्ये तिथल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात जॉन काबाट-झिन यांनी जुनाट दुखण्याच्या रुग्णांसाठी ध्यानाचा कार्यक्रम सुरू केला. आज जगभरच्या कंपन्यांत जे 'माइंडफुलनेस' चालतं, त्याचा एक मोठा झरा तो. आमच्या कंपनीतही ते आलं. मी फोनवर अ‍ॅप घेतलं आणि माझी २१४ दिवसांची 'स्ट्रीक' झाली. मग भारतात येताना बोस्टनहून रात्री निघालो, मुंबईत उतरेपर्यंत कॅलेंडरचा एक दिवस विमानातच गेला आणि स्ट्रीक तुटली. मला इतकं वाईट वाटलं, की विमानतळाबाहेर घ्यायला आलेल्या मामाशी मी धड बोललो नाही. ध्यानानं माझ्यात काय बदल झाला होता, ते मामाला विचारा.

तो एक तास

तीन वर्षांपूर्वी मी शेलबर्न फॉल्सच्या विपश्यना केंद्रात दहा दिवसांच्या शिबिराला गेलो. आमच्याकडून पश्चिमेला दीड-पावणेदोन तासांचा रस्ता. हे केंद्र १९८२ मधलं, म्हणजे आपल्या इगतपुरीच्या धम्मगिरीनंतर काही वर्षांनी उभं राहिलेलं. सत्यनारायण गोयंका मूळ ब्रह्मदेशातले व्यापारी. डोकेदुखीवर इलाज शोधताना ते सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे पोहोचले. ऊ बा खिन हे त्या देशाचे अकाउंटंट जनरल, म्हणजे सरकारी हिशेबनीस. शिबिरात पहाटे चारला घंटा, दिवसाला दहाएक तास बसणं, मौन आणि फी शून्य. आधीच्या साधकांच्या दानातून पुढच्यांचं शिबिर चालतं. या व्यवस्थेबद्दल मला आजही आदर आहे.

सातव्या दिवशी दुपारी मला काहीतरी झालं. गुडघेदुखी अचानक गेली. शरीराचा घट्टपणा विरघळला आणि सगळीकडे बारीक लहरी सुरू झाल्या. 'मी' बसलोय असं वाटण्याऐवजी नुसतं बसणं चालू आहे, असं वाटलं. तासभर ते टिकलं. बाहेर आलो तेव्हा झाडं इतकी स्वच्छ दिसत होती की डोळ्यांत पाणी आलं. मनात विचार आला, झालं! आजोबांना जे झालं नाही, अण्णांना जे झालं नाही, ते मला सात दिवसांत झालं!

आठव्या दिवशी तो तास पुन्हा आणण्यासाठी मी जिवाचा आटापिटा केला. काही आलं नाही. घरी परतल्यावर तिसऱ्याच दिवशी प्रॉडक्शनमध्ये काहीतरी कोसळलं. मी लॅपटॉप घेऊन डायनिंग टेबलावर बसलो होतो, मुलीच्या हातून दुधाचा ग्लास कलंडला आणि मी तिच्यावर असा ओरडलो की ती टेबलाखाली जाऊन बसली. बायको एवढंच म्हणाली, "दहा दिवस मी एकटीनं हे सांभाळलं, ते यासाठी का?"

तिला उत्तर नव्हतं. आजही नाही.

अनुभव घडवता येतो, त्यात शंका नाही

अण्णांच्या प्रश्नाचे इथे दोन भाग करावे लागतात. पहिला, विलक्षण अनुभव पद्धतीनं घडवता येतो का? याचं उत्तर माझ्या मते स्पष्ट 'हो' आहे.

बोस्टन युनिव्हर्सिटीच्या आवारात मार्श चॅपल नावाचं प्रार्थनागृह आहे. समोरून ग्रीन लाइनची गाडी जाते, तुमच्यापैकी अनेकांनी ते पाहिलं असेल. १९६२ च्या गुड फ्रायडेला तिथे वॉल्टर पान्के यांनी एक प्रयोग केला. धर्मशास्त्राच्या २० विद्यार्थ्यांना तळघरातल्या छोट्या चॅपलमध्ये बसवून वरची प्रार्थना ऐकवली. त्याआधी दहा जणांना सायलोसायबिन, म्हणजे एका जातीच्या अळिंबीत सापडणारं द्रव्य दिलं आणि दहा जणांना साधं जीवनसत्त्व. पहिल्या गटातल्या बहुतेकांनी संतचरित्रात शोभावेत असे अनुभव सांगितले. पंचवीसेक वर्षांनी रिक डॉब्लिन यांनी त्यातल्या बहुतेकांना पुन्हा गाठलं, तेव्हाही ते त्या दिवसाला खरा आणि मोलाचा मानत होते. पण डॉब्लिन यांना हेही कळलं, की त्या दिवशी एकाला आवरण्यासाठी शामक औषध टोचावं लागलं होतं आणि मूळ अहवालात त्याचा उल्लेख नव्हता. २००६ मध्ये जॉन्स हॉपकिन्समध्ये जास्त काटेकोरपणे असाच प्रयोग झाला. दोन महिन्यांनी विचारलं तेव्हा सुमारे दोन तृतीयांश लोकांनी तो अनुभव आयुष्यातल्या सर्वांत अर्थपूर्ण पाच अनुभवांत धरला.

आता दुसरी बाजू पाहा. २०१७ मध्ये ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी बौद्ध पद्धतीनं ध्यान करणाऱ्या ६० पाश्चात्त्य साधकांच्या मुलाखतींवर आधारित अभ्यास प्रसिद्ध केला. विषय होता ध्यानात आलेल्या अडचणी. भीती, झोप उडणं, भावना बधिर होणं, 'मी' हरवल्यासारखं वाटणं. काहींना हा त्रास दिवसभर झाला, काहींना वर्षानुवर्षं. काहींना इस्पितळातही जावं लागलं.

'मी विरघळला' हे एकाला मुक्ती वाटतं, दुसऱ्याला त्यावर औषध घ्यावं लागतं. म्हणजे अनुभवावर 'हे ज्ञान आहे' असं लेबल चिकटवलेलं येत नाही. ते लेबल आपण लावतो किंवा गुरू लावतो. बैठक, उपवास, श्वास, जागरण किंवा गोळी यांनी मेंदूत मोठी उलथापालथ करता येते. माझा सातव्या दिवसाचा तासही त्यातलाच. तो खोटा होता असं मी म्हणत नाही. पण तो सुरू झाला आणि संपला. जे सुरू होतं आणि संपतं, त्याला आपल्याच परंपरेनं कधी ज्ञान म्हटलेलं नाही.

मग ज्ञान कशाला म्हणायचं?

बुद्धाची गोष्ट आपल्याला बोधिवृक्षापासून माहीत असते, पण त्याच्या आधीचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. घर सोडल्यावर सिद्धार्थ आधी आळार कालामाकडे आणि मग उद्दक रामपुत्ताकडे शिकला. दोघांनी शिकवलेल्या समाधीच्या सगळ्यांत वरच्या अवस्था त्यानं लवकरच आत्मसात केल्या. दोघांनीही त्याला आचार्याचा मान देऊ केला. आजच्या भाषेत दोन सर्टिफिकेट्स मिळाली. तरी तो उठून गेला, कारण या अवस्थेतून उतरल्यावर माणूस होता तिथेच येतो, हे त्याच्या लक्षात आलं. पद्धत चालली, निकाल आला आणि त्यानं तो निकाल नाकारला. मी आठव्या दिवशी जे करत होतो, त्याच्या हे बरोबर उलट.

दुसरा धागा शंकराचार्यांचा. ब्रह्मसूत्रांवरच्या भाष्यात, चौथ्याच सूत्रावर, त्यांनी एखाद्या प्रोग्रॅमरला आवडेल अशी मांडणी केली आहे. कर्मानं मिळू शकणारं फळ चारच प्रकारचं असतं. काहीतरी नवं उत्पन्न होतं, जसं मातीचं मडकं. कुठेतरी पोहोचता येतं, जसं चालत गावाला. एका वस्तूची दुसरी होते, जसं दुधाचं दही. किंवा मळ जाऊन वस्तू स्वच्छ होते, जसा घासलेला आरसा. मोक्ष या चारांपैकी एकही नाही, असं ते म्हणतात. तो उत्पन्न झाला तर कधीतरी नष्टही होणार. आणि जे आपण आहोतच, तिथे पोहोचायचं कसं? वेदान्त शिकवणारे इथे दहा जणांची गोष्ट सांगतात. नदी पार करून दहा जण स्वतःला मोजतात, प्रत्येक जण स्वतःला सोडून मोजतो, नऊच भरतात आणि दहावा बुडाला म्हणून रडारड होते. वाटसरू येऊन म्हणतो, अरे, दहावा तूच. दहावा माणूस नदीत जाळं टाकून सापडत नाही.

याच धर्तीची एक गोष्ट चीनमधल्या झेन परंपरेत आहे, साधारण आठव्या शतकातली. तरुण मात्सु रात्रंदिवस ध्यानाला बसतो. त्याचा गुरू नान्युए शेजारी येऊन एक कौल दगडावर घासायला लागतो. हे काय करताय, असं विचारल्यावर म्हणतो, आरसा करतोय. कौल घासून कुठे आरसा होतो का? मग बसून बुद्ध होतो का?

म्हणजे एकमेकांशी जन्मभर भांडलेल्या परंपरा इथे जवळ येतात. पद्धत हे कारण आणि ज्ञान हे त्याचं कार्य, असं सरळ नातं नाही. शंकराचार्य कर्माला कचऱ्यातही टाकत नाहीत. चित्त शुद्ध व्हायला, ऐकलेलं समजायला त्याचा उपयोग आहे, असं ते मानतात. फक्त 'इतकं केलं की तितकं मिळेल' हा हिशेब तिथे लागू पडत नाही.

मुंगी आणि पक्षी

हा वाद आमच्या घरच्या परंपरेतही आहे, हे मला अमेरिकेत बसून कळलं, याचं हसू येतं. भाऊसाहेब महाराजांचा भर ध्यानावर, म्हणजे दीर्घ, चिकाटीच्या नेमावर. त्याला पिपीलिका मार्ग म्हणतात. मुंगी झाडावर चढते तसा, हळूहळू. १९१४ मध्ये ते गेल्यावर त्यांचे शिष्य सिद्धरामेश्वर महाराज यांनी विहंगम मार्ग सांगितला. पक्षी थेट फळावर उतरतो, तसं विवेकानं, समजुतीनं थेट जायचं. काही गुरुबंधूंना हे रुचलं नाही.

याच सिद्धरामेश्वर महाराजांकडे १९३३ मध्ये मुंबईतला एक विडीविक्रेता गेला. मारुती कांबळी. 'मी आहे' या जाणिवेला धरून राहा, असं गुरूंनी सांगितलं, ते त्यांनी मानलं आणि तीनेक वर्षांत प्रश्न मिटला, असं ते पुढे सांगायचे. तेच निसर्गदत्त महाराज. खेतवाडीतल्या त्यांच्या माडीवर मराठीत होणारी बोलणी मॉरिस फ्रिडमन या पोलंडमध्ये जन्मलेल्या इंजिनिअरनं इंग्रजीत आणली. औंध संस्थानात लोकांच्या हाती कारभार देण्याचा जो प्रयोग झाला, त्यात हात असलेले हेच ते फ्रिडमन. १९७३ मध्ये ते पुस्तक आलं आणि खेतवाडीच्या गल्लीत गोरे लोक पत्ता विचारत फिरायला लागले. आज माझ्या अमेरिकन सहकाऱ्याच्या टेबलावर ते असतं. तो मला विचारतो, "तुमच्याच भागातले ना हे?"

आता हिशेब मांडा. निसर्गदत्तांना तीन वर्षं, अण्णांना चाळीस वर्षांत काही नाही. परंपरा एक, नाम एक, निष्ठेत मला तरी फरक दिसत नाही. तेच इनपुट देऊन दर वेळी वेगळं आउटपुट येत असेल, तर आम्ही म्हणतो की आउटपुट ठरवणारी गोष्ट इनपुटमध्ये नाही.

आणि यातली सगळ्यांत मोठी गोम अशी, की चरित्रं फक्त 'झालेल्यांची' छापली जातात. ज्यांनी तेच केलं आणि ज्यांना काही झालं नाही, ते शेकडो मास्तर, तलाठी, शेतकरी, आज्ज्या कुठल्याच पोथीत येत नाहीत. यशस्वी स्टार्टअपवाल्यांची पुस्तकं वाचून 'कॉलेज सोडलं की माणूस श्रीमंत होतो' असा निष्कर्ष काढण्यासारखं हे आहे. पोहोचलेल्या माणसाला मागे वळून पाहताना आपल्या पायाखालची वाट हीच वाट वाटते. तो खोटं बोलत नसतो. पण त्याच वाटेनं गेलेले बाकीचे कुठे आहेत, हे त्याला दिसत नाही. माझे वडील त्या बाकीच्यांतले आहेत आणि त्यांना 'तुमची श्रद्धा कमी पडली' असं सांगण्याचा अधिकार कुणालाही नाही.

दोन्हीकडची दुकानं

यावर एक आक्षेप आहे आणि तो रास्त आहे. 'ज्ञान पद्धतीनं मिळत नाही' हे म्हणणं फार सोयीचं आहे. ते कधीच तपासता येत नाही. शिष्याला काही मिळालं नाही तरी गुरू सुटतो. शिवाय हे ऐकून लोक उद्यापासून काहीच करणार नाहीत.

मला हे पटतं. 'पद्धत नको' याचंही दुकान होतं. जे. कृष्णमूर्ती यांनी १९२९ मध्ये हॉलंडमधल्या ओमेन इथे आपल्यासाठीच उभी केलेली संघटना स्वतः विसर्जित केली. सत्याकडे नेणारी आखलेली वाट नसते, असं त्यांचं म्हणणं. तिथपासून १९८६ पर्यंत, म्हणजे छप्पन्न-सत्तावन्न वर्षं ते हेच समजावत राहिले. त्यांचा प्रामाणिकपणा मला मान्य आहे. पण ऐकणाऱ्यांसाठी 'पद्धत नाही' हे ऐकायला दर वर्षी जाणं हीच पद्धत झाली. आणि आता इंटरनेटवर 'तू आधीच मुक्त आहेस' हे सांगण्यासाठी तासाला डॉलर घेणारे कमी नाहीत. दहाव्या माणसाची गोष्ट सांगून अकराव्याचं पाकीट मारायचं.

दुसऱ्या बाजूला पायऱ्यांची दुकानं. पहिली पातळी, दुसरी पातळी, अमुक दीक्षा, तमुक ऊर्जा आणि शेवटी प्रमाणपत्र. आपली एनआरआय मंडळी याला लवकर बळी पडतात, असं माझं निरीक्षण आहे. कारण आपण सगळे परीक्षा देत देत इथवर आलो. प्रवेश परीक्षा, जीआरई, व्हिसा, ग्रीन कार्डची रांग. प्रत्येक ठिकाणी फॉर्म भरला, वाट पाहिली की काहीतरी मिळालं. त्यामुळे मोक्षालाही 'प्रायॉरिटी डेट' असणार, असं आपल्याला मनोमन वाटत राहतं.

जतचा पाऊस

डिसेंबरमध्ये गावी गेलो तेव्हा अण्णांशी हे सगळं बोलायचं ठरवून गेलो होतो. एका सकाळी त्यांचा नेम झाल्यावर आम्ही रानात गेलो. शाळू पोटऱ्यात होता. मी बांधावर बसून शंकराचार्यांपासून ब्राउन विद्यापीठापर्यंत सगळं ऐकवलं. शेवटी मोठ्या अभिमानानं दृष्टान्त दिला, "अण्णा, असं बघा, नांगरट केली म्हणून पाऊस पडत नाही. पण पाऊस आला तर नांगरलेल्या रानात मुरतो, नाहीतर वाहून जातो. नेम म्हणजे नांगरट."

अण्णा हसले. म्हणाले, "आणि जतला पाऊस पडतोच, असं कुणी सांगितलं तुला?"

मी गप्प. दुष्काळी तालुक्यातल्या माणसाला मी पावसाचा भरवसा देत होतो.

मग त्यांनी शेजारचं रान दाखवलं. मालकाची मुलं पुण्याला, रान चार-पाच वर्षं पडीक. पार बांधापर्यंत हराळी माजलेली. म्हणाले, "पाऊस आपल्या हातात नाही, हे तू आत्ता पुस्तकात वाचलंस, आम्हाला ते लहानपणापासून माहीत आहे. पण नांगर सोडला की काय होतं, ते हे बघ. हराळीला पाऊस लागत नाही फारसा."

"मग जूनमध्ये असं का म्हणालात, की काहीच झालं नाही?"

"झालं नाही ते नाहीच झालं. खोटं कशाला बोलू? वाईट वाटतं कधी कधी. पण म्हणून बसायचं सोडलं नाही."

घरी येऊन मी आईला वेगळं विचारलं, यांच्यात नेमानं काही फरक पडला का. आई भाजी निवडत होती. म्हणाली, "लग्न झालं तेव्हा मीठ कमी पडलं तर ताट भिरकवायचे. तुला आठवत नसेल. आता मीठ नसलं तरी कळत नाही." मी म्हटलं, ते वयानं झालं असेल. आई म्हणाली, "वयानं? तुझा काका बघ. वयानं वाढतं ते, कमी नाही होत."

आईचा हा पुरावा शास्त्रीय नाही, मला माहीत आहे. नेम न करणारे अण्णा आपल्याकडे तुलनेला नाहीत. पण माझ्या सातव्या दिवसाच्या तासापेक्षा मला तो जास्त वजनाचा वाटतो. कारण तो चाळीस वर्षं रोजच्या ताटावर तपासला गेला आहे आणि तपासणारा माणूस साधकाची भक्ती करणारा नव्हता, त्याच्यासाठी भाकरी थापणारा होता.

बौद्ध परंपरेत आनंदाची एक कथा आहे. पंचवीसेक वर्षं तो बुद्धाची सेवा करत होता, बुद्धाचं बोलणं त्याला मुखोद्गत होतं, पण त्याला अर्हत्पद मिळालं नव्हतं. बुद्ध गेल्यावर राजगृहाला संगीती भरली, तिथे फक्त अर्हतांना बसता येणार होतं. आदल्या रात्री आनंदानं पहाटेपर्यंत पराकाष्ठा केली. काही झालं नाही. शेवटी तो झोपायला म्हणून कलंडला. पाय जमिनीवरून उचललेले, डोकं अजून उशीला टेकलेलं नाही, तेवढ्यात ते घडलं, असं ग्रंथ सांगतात. प्रयत्नवादी म्हणतील रात्रभराच्या कष्टानं घडलं. दुसरे म्हणतील कष्ट सोडले म्हणून घडलं. मी एवढंच पाहतो, की पंचवीस वर्षं त्याला अर्हत्पद मिळालं नव्हतं, तेव्हाही तो बुद्धाचं पाणी भरत होता, निरोप पोहोचवत होता.

तर माझं मत असं. पद्धतीनं अनुभव मिळतात, सवयी बदलतात, राग थोडा उशिरा येतो. हे खरे फायदे आहेत आणि तेवढ्यासाठी बसायला काहीच हरकत नाही. पण ज्याला ज्ञान म्हणतात, ते पद्धतीच्या पट्ट्यावरून बाहेर पडणारा माल नाही. ते कुणाला होतं यावर माझा विश्वास आहे का? निसर्गदत्तांसारख्या माणसाकडे पाहिलं की वाटतं, असावं. पण ते 'मिळवून देतो' म्हणणाऱ्यावर माझा विश्वास नाही.

तुमच्यापैकी कुणी एखाद्या शिबिराला नाव नोंदवणार असेल, तर जरूर जा. जाण्याआधी एवढं विचारा. ज्यांना इथे काही झालं नाही, ते लोक या जागेबद्दल काय सांगतात? शिकवणारा माणूस स्वयंपाक्याशी, ड्रायव्हरशी कसा बोलतो? मध्येच मला त्रास झाला आणि मी उठून जातो म्हटलं, तर जाऊ देतात का? आणि परत आल्यावर अनुभवाचं वर्णन करण्याआधी आठवडाभर थांबा, मग घरच्यांना विचारा.

आणि भारतात तुमचे आई-वडील, आजी, कुणी वर्षानुवर्षं जप, नेम, हरिपाठ करत असतील, तर त्यांना एकदा त्याबद्दल विचारा. 'काय मिळालं' असं विचारू नका, ते आम्ही व्हिसावाल्यांचं विचारणं झालं. ते कसे बसतात, बसल्यावर काय होतं, काय होत नाही, ते विचारा. मला हे विचारायला अडतीस वर्षं लागली.

अण्णांचे गुडघे आता खाली बसू देत नाहीत, म्हणून देवघरापुढे खुर्ची ठेवली आहे. मी इथे पहाटे मुलगी उठायच्या आधी वीस मिनिटं बसतो. अ‍ॅप काढून टाकलं. गेल्या रविवारी अण्णांनी विचारलं, "काय, बसतोस का?" मी म्हटलं, "बसतो." "काही झालं?" "नाही." "बरं," म्हणाले आणि पावसाचं सांगायला लागले. अजून पडलेला नाही.